पाऊस नाही, की तार तुटली?

आजचा विषय पत्रिकेत ‘छोट्या संगणक-बोर्डाला उपकरणं आणि नेटवर्क जोडण्याचा इतिहास’ असा छापलाय. तो वाचून एका गुरुजींनी मघाशी मला विचारलं, ‘वायरी जोडण्याले काऊन इतिहास लागते बाप्पा?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला तासभर लागेल, तेवढा धीर धरा.

तुमच्यापैकी कित्येकांच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर असेल. घरून फोन लावला की मोटर चालू होते. त्या डब्यात एक छोटा बोर्ड असतो. त्यावर हिशेब करणारी एक चिप, तिच्या एका बाजूला मोटर चालू-बंद करणारा रिले, दुसऱ्या बाजूला सिमकार्डाचं मॉडेम. चिप एकटी असेल तर काही कामाची नाही. तिला कान, डोळे, हात बाहेरून जोडावे लागतात. इंजिनियर लोक त्याला पेरिफेरल म्हणतात, आपण आज जोडउपकरण म्हणू.

असाच दुसरा एक डबा महसूल मंडळाच्या ठिकाणी उभा असतो. पांढरा खांब, वर सोलर पॅनल, वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, आणि पाऊस मोजणारं नळकांडं. राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पातून २०१७ पासून दोन हजारांहून अधिक मंडळांत अशी स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. या खांबाकडे जाता-येता आपण फारसं बघत नाही, पण त्याच्या आकड्यावर पैसे अवलंबून असतात. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा निकष आहे. पुढे पंचनामे होतात, ३३ टक्क्यांची अट येते, ते सगळं खरं. पण पहिलं दार हा ६५ चा आकडा. संत्रा-लिंबूवाल्यांचा हवामान आधारित फळपीक विमा तर जवळपास सगळाच अशा आकड्यांवर चालतो. मृग बहाराला पाऊस किती कमी पडला, किती दिवसांचा खंड पडला, हे केंद्र सांगतं. झाडाला कोणी विचारत नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. केंद्रानं कळवलं, ‘पाऊस ०.०’. याचा अर्थ पाऊस पडला नाही, की पाऊस मोजणाऱ्या नळकांड्याची तार उंदरानं कुरतडली? बोर्डाला दोन्ही सारखंच दिसतं.

कसं ते बघा. अशा केंद्रांवर बहुधा टिपिंग बकेट प्रकारचा पर्जन्यमापक असतो. आत सी-सॉसारखी दोन छोटी भांडी. एक भरलं की झुकतं, रिकामं होतं, दुसरं वर येतं. कल्पना जुनी आहे, सतराव्या शतकात लंडनमध्ये क्रिस्टोफर रेननं असं यंत्र केलं होतं. प्रत्येक झुकण्याला एक चुंबक एका काचेच्या नळीतल्या स्विचजवळून जातं, स्विच क्षणभर मिटतो, बोर्ड एक मोजतो. एक झुकणं म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर पाऊस. ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ वेळा टिक. ३२४ टिक झाल्या तर ६४.८, म्हणजे अतिवृष्टी नाही. आणि टिकांच्या मधल्या वेळात? तारेत काहीच नसतं. पाऊस थांबला तरी काहीच नाही, तार तुटली तरी काहीच नाही.

शांतता आणि तुटलेली तार यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. म्हणून इतिहास.

वऱ्हाडात ‘नेटवर्क’ पहिल्यांदा आलं ते कापसामुळं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड दिसला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा गेला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. रुळांबरोबर तार आली. त्याच साली लंडन ते कलकत्ता असा जमिनीवरून जाणारा तारेचा मार्गही सुरू झाला होता. लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात कळू लागला. कोणाच्या फायद्याचं होतं ते, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. शेतकऱ्याच्या नव्हतं, एवढं सांगून पुढं जातो.

त्या काळी तार चालवण्याच्या दोन रीती होत्या. एका रीतीत बटण दाबलं तरच तारेत प्रवाह, एरवी तार थंड. बॅटरी वाचते. दुसरी रीत अमेरिकेत रूढ होती. तिथं तारेत प्रवाह कायम वाहता ठेवायचे आणि संदेश द्यायचा म्हणजे तो तोडायचा. बॅटरी जास्त लागते, पण मोठा फायदा असा, की कुठंही तार तुटली तर सगळ्या मार्गावर लगेच कळतं. कारण शांततेतही प्रवाह असतो. प्रवाह गेला म्हणजे काहीतरी बिघडलं.

ही दुसरी रीत पुढं टेलिप्रिंटरनं उचलली. टेलिप्रिंटरमध्ये कोणी टाइप करत नसेल तेव्हाही प्रवाह चालू. अक्षर येणार असलं की प्रवाह क्षणभर थांबतो, ही सुरुवातीची खूण. मग अक्षराचे ठोके, एकामागून एक, एकाच तारेवरून. शेवटी प्रवाह पुन्हा चालू, ही अखेरची खूण. या ठोक्यांचा वेग आपण आजही ‘बॉड’मध्ये मोजतो. ते नाव एमिल बोदो या फ्रेंच तारखात्यातल्या माणसावरून आलंय.

संगणक आले तेव्हा त्यांना बोलायला समोर काय होतं? टेलिप्रिंटरच. त्यामुळं जुनी रीत जशीच्या तशी संगणकात शिरली. १९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ नावाचा संकेत ठरला, कोणत्या पिनवर काय आणि किती व्होल्ट. आज तुम्ही रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनो घेतला तर त्यावर टीएक्स आणि आरएक्स अशा दोन पिना दिसतील. त्या पिनांवर मल्टिमीटर लावा. कोणी काही बोलत नसेल तर शून्य व्होल्ट दिसायला हवेत असं वाटतं ना? दिसत नाहीत. पूर्ण व्होल्टेज दिसतं. शांत ओळ ‘वर’ असते. का? तर तारखात्याच्या जमान्यात तार शाबूत आहे हे कळण्यासाठी प्रवाह चालू ठेवत असत. आणि ओळ अक्षरभराहून जास्त वेळ ‘खाली’ राहिली तर त्या स्थितीला आजही ‘ब्रेक’ म्हणतात. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण दोनशे-चारशे रुपयांच्या बोर्डावर ती रीत चालूच आहे.

पोरांसाठी एक सूचना इथंच देऊन टाकतो. एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडायची, बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाला. जमीन, म्हणजे ग्राउंड, दोघांची एक करायची. आणि जुन्या यंत्राचं आरएस-२३२ थेट बोर्डाला लावायचं नाही. तिथं उणे १५ ते अधिक १५ पर्यंत व्होल्ट असू शकतात, रास्पबेरी पायच्या पिनेला ३.३ च्या वर सोसत नाही. मध्ये मॅक्स३२३२ सारखी चिप लागते. न लावता बघायचंच असेल तर बोर्ड स्वतःच्या पैशाचा वापरा.

कारखान्यांनी तर हा प्रश्न फार सुरेख सोडवला. तिथं तापमान, दाब दूरच्या खोलीत कळवायचा असतो. आधी हे काम हवेच्या दाबावर चालायचं आणि शून्य वाचन म्हणजे ३ पीएसआय, पूर्ण वाचन म्हणजे १५, असं ठरलेलं. विजेवर आलं तेव्हा ४ ते २० मिलिअँपिअर हा संकेत रूढ झाला. शून्याला शून्य प्रवाह का नाही ठेवला? कारण मग तुटलेली तार आणि शून्य वाचन एकच दिसलं असतं. शून्य सांगायलाही ४ मिलिअँपिअर वाहतात. वाचन ४ च्या बरंच खाली गेलं की ऑपरेटर ओळखतो, ही तार गेली. इंग्रजीत याला जे नाव आहे त्याचं मराठी ‘जिवंत शून्य’ असं होईल. मला हा शब्द फार आवडतो. शासकीय तक्त्यांतल्या किती शून्यांना आपण जिवंत म्हणू शकू?

आता पावसाकडूनच आपल्या जिल्ह्याकडे येतो. १९८० च्या दशकात भारताला मान्सूनच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. क्रे कंपनीचं यंत्र अमेरिकेकडे मागितलं. बरीच घासाघीस झाली आणि मागितलं त्याहून लहान, क्रे एक्स-एमपी/१४, दिल्लीत हवामान अंदाजाच्या केंद्राला मिळालं, तेही अटींसह. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेला हवं होतं ते मिळालं नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर मूळचे मुरंब्याचे, आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले. तीन वर्षं आणि ३० कोटी रुपये, एवढ्यात महासंगणक करायचा होता. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

परमबद्दल आपल्याकडे अभिमानानं बोललं जातं आणि ते बरोबरच आहे. पण नेमकं काय केलं हे क्वचितच सांगितलं जातं. त्यांनी क्रेच्या तोडीची एक अवाढव्य चिप बनवली नाही. त्यांनी छोटे छोटे संगणक एकमेकांना जोडले. ते छोटे संगणक म्हणजे ट्रान्सप्युटर, ब्रिटनमधल्या इन्मॉस या कंपनीच्या चिपा. एकेक ट्रान्सप्युटर यंत्र-नियंत्रणासारख्या साध्या कामालाही वापरत, म्हणजे आजच्या आपल्या बोर्डाचा चुलताच म्हणा. त्याचं वैशिष्ट्य असं, की जोडणीची सोय चिपमध्येच होती. चार बाजूंना चार दुवे, प्रत्येक दुव्याला जायला एक तार, यायला एक. त्याला स्वतःची डिस्क नको, कीबोर्ड नको, प्रोग्रामसुद्धा शेजाऱ्याकडून दुव्यावरून येऊ शकायचा. जगाशी संबंध एका यजमान संगणकामार्फत. परम ८००० मध्ये असे ६४ जोडले होते आणि पुढे आणखी वाढवता येत होते.

या दुव्यांवरची बोलण्याची रीत बघण्यासारखी आहे. एक बाइट पाठवायचा म्हणजे ११ ठोके: दोन सुरुवातीचे, आठ माहितीचे, एक शेवटचा. आणि ऐकणाऱ्यानं उलट दोन ठोक्यांची पावती द्यायची. प्रत्येक बाइटला पावती! ती आल्याशिवाय पुढचा बाइट नाही. इथं शांततेचा प्रश्नच निराळ्या तऱ्हेनं सुटतो. माझं बोलणं पोचलं की नाही हे मला लगेच कळतं. उणीवही आहे. पावती हरवली तर पाठवणारा वाट बघत बसून राहतो. ६४ पैकी एक बसून राहिला की त्याच्यावर अवलंबून असलेले बाकीचेही थांबतात. म्हणून असा संगणक करणाऱ्यांचा मोठा भाग हिशेबापेक्षा जोडणीवर खर्च होतो, कोणी कोणाला कधी विचारायचं आणि उत्तर नाही आलं तर काय करायचं. माझं मत विचाराल तर परमचं खरं यश त्या जोडणीत आहे. चिपा विकत मिळत होत्या.

त्याच काळात बाहेरच्या जगात जोडण्यांच्या तारा कमी कमी होत गेल्या. ज्यांनी नव्वदच्या दशकात अमरावतीला किंवा शेगावला इंजिनिअरिंग केलं त्यांना ८०८५ ची किट आणि ८२५५ ही चिप आठवत असेल. आठ तारा इकडून, आठ तिकडून, स्टेपर मोटर फिरवायला प्रॅक्टिकलचा अर्धा वेळ चपट्या केबलमध्ये जायचा. फिलिप्सनं १९८२ साली आय-स्क्वेअर-सी काढलं. टीव्हीच्या आतल्या चिपांनी एकमेकांशी दोन तारांवर बोलावं म्हणून. प्रत्येक उपकरणाला पत्ता, आणि प्रत्येक बाइटनंतर पावतीचा एक ठोका. उत्तर आलं नाही म्हणजे उपकरण जागेवर नाही, हे बोर्डाला तत्काळ कळतं. १९८३ च्या आरएस-४८५ मध्ये दोन तारांची जोडी १२०० मीटरपर्यंत जाते, विहिरीपासून घरापर्यंत म्हणा ना. तांब्याच्या जोडीवरचं इथरनेट आलं तेव्हा त्यातही दोन्ही टोकं रिकाम्या वेळी एकमेकांना ठराविक अंतरानं बारीक ठोके देत राहतात. राउटरवरचा हिरवा दिवा लागतो तो त्यामुळं. मी आहे, तू आहेस ना, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मॉडेम. १९८१ साली हेज कंपनीच्या मॉडेमला हुकूम द्यायचे तर आधी ‘एटी’ अशी दोन अक्षरं पाठवावी लागत, म्हणजे ‘लक्ष दे’. मॉडेम म्हणायचं ‘ओके’. तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये जे सिमकार्डाचं मॉडेम असतं ना, त्याला बोर्ड सहसा अजूनही एटीच म्हणतो आणि ते ओकेच म्हणतं. चाळीस वर्षं झाली.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावातून आर्डुइनो आला, फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडहून रास्पबेरी पाय आला, २०१४ च्या सुमारास शांघायची ईएसपी८२६६ ही वाय-फायवाली चिप. जी जोडणी आधी प्रयोगशाळेत व्हायची ती दहावीच्या पोराच्या टेबलावर आली. शाळांत २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. पोरं पाऊस मोजतात, मातीतला ओलावा मोजतात. फार चांगलं चाललंय. पण मी बघितलेल्या प्रोजेक्टांपैकी बहुतेकांत एकच उणीव असते. सेन्सरची वायर मी हळूच उपटतो, आणि स्क्रीनवर आकडा तसाच सुखानं दिसत राहतो.

म्हणून परत त्या पांढऱ्या खांबाकडे येऊ. बोर्ड जिवंत आहे हे सर्व्हरला कळतं, कारण तापमान येत राहतं, बॅटरीचे व्होल्ट येत राहतात. मोबाईलची रेंज गेली तर लॉगर वाचनं साठवून ठेवतो आणि नंतर पाठवतो. हे भाग ठीक आहेत. अडचण त्या एका तारेची, ज्यात टिक येतात. तिच्यात जिवंत शून्य नाही. खोटं शून्य अतिवृष्टीत शेतकऱ्याचं नुकसान करतं आणि पावसाच्या खंडाच्या हिशेबात विमा कंपनीचं. म्हणजे भांडण दोन्हीकडून ठरलेलं.

उपाय महाग नाही. घरफोडीच्या अलार्ममध्ये तो पूर्वीपासून वापरतात. स्विचच्या जागी, तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला, रुपया-दोन रुपयांचा एक रेझिस्टर समांतर लावायचा आणि बोर्डाच्या टोकाला दुसरा. आता बोर्डाला दोनऐवजी तीन स्थिती दिसतात. टिक आली तर व्होल्टेज शून्य. टिक नाही पण तार शाबूत असेल तर मधलं व्होल्टेज. तार तुटली तर पूर्ण व्होल्टेज. आर्डुइनोला असं मधलं व्होल्टेज मोजता येतं, रास्पबेरी पायला थेट येत नाही, त्याला आय-स्क्वेअर-सीवरची एक मोजणारी चिप जोडावी लागते. स्विच मिटताना थरथरतो आणि एका टिकेच्या तीन दिसतात, तेव्हा पहिल्या टिकेनंतर काही मिलिसेकंद दुर्लक्ष करायचं, हेही प्रोग्राममध्ये हवं.

वेळेचंही बघा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३०. पहाटेचा पाऊस कोणत्या दिवसात धरला यावर ६५ होणार की दोन दिवसांत ४०-४० असा वाटला जाणार हे ठरतं. २०१२ च्या रास्पबेरी पायला बॅटरीवरचं घड्याळच नव्हतं. लाइट गेली आणि आली, नेटवर्क नसलं, की त्याची तारीख चुकलेली. आपल्याकडे लाइट जाते का, हे मी विचारत नाही. घड्याळाची छोटी चिप दोन तारांवर जोडता येते, ती जोडा.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही तारेनं सुटत नाहीत. एक, नळकांड्याच्या तोंडाशी पाला अडकला किंवा पाखरानं घाण केली तर तार शाबूत, स्विच शाबूत, आणि पाऊस शून्य. ते बघायला माणूसच जावा लागतो, किंवा शेजारच्या मंडळाशी आकडा ताडून बघावा लागतो. दुसरी, धो धो पाऊस असेल तेव्हा भांडं झुकत असताना वरून येणारं थोडं पाणी हिशेबाबाहेर जातं. म्हणजे हे यंत्र नेमकं ढगफुटीच्या वेळी कमी मोजतं. चांगल्या केंद्रात याची दुरुस्ती हिशेबात धरलेली असते. ती धरली आहे का, हे विचारण्याचा हक्क मंडळातल्या प्रत्येकाला आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या विंड्स योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्याचं ठरलंय, तेव्हा असे प्रश्न आताच विचारलेले बरे. पातुरात ऊन आणि घाटात पाऊस हे आपण सगळेच बघतो. केंद्रं वाढली तर हवीच आहेत, पण तुटल्या तारांची शक्यताही तेवढीच वाढेल.

मागून एक चिठ्ठी आलीय, की गावात स्वतःचा पर्जन्यमापक केला तर तो बरोबर मोजतोय हे कसं तपासायचं. सरकारी खांबाला हात लावू नका, आपल्यावर तपासा. समजा तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होतं. त्यावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६२८ मिलिलिटर पाणी. एवढं पाणी मोजून घ्या, डब्याला बारीक भोक पाडा आणि तासभर लागेल असं थेंब थेंब सोडा. घाई केली तर आकडा कमीच येणार. ०.२ च्या यंत्रावर १०० टिक यायला हव्यात. ९५ आल्या तर ६५ मिलिमीटरच्या पावसात सव्वातीन मिलिमीटर गेले म्हणून समजा. भांड्याखाली दोन स्क्रू असतात, ते थोडे वर घ्यायचे, म्हणजे भांडं लवकर झुकतं, आणि परत पाणी सोडून मोजायचं.